लष्करी ट्रक धान्याला जुंपताना

चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद हौद्यात गहू भरायला घेतला, तर दोन फुटांवर हात आवरायला हवा. अमेरिकी लष्कराचा ‘पाच टनी’ ट्रक शेतातून चालवायचा असेल तर त्याची क्षमता तेवढीच आहे. तिथला टन २,००० पौंडांचा, म्हणजे १०,००० पौंड, आपल्या भाषेत ४५ क्विंटल किंवा पन्नास किलोची नव्वद पोती. एवढ्या दांडग्या गाडीत एवढंसंच धान्य हे मनाला पटत नाही. मग माणूस चार फुटी फळ्या चढवतो, गच्च भरतो आणि पहिल्याच हंगामात पाटे, टायर किंवा ब्रेक यांपैकी काहीतरी घालवून बसतो.

कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा या धान्याच्या पट्ट्यात सैन्यानं काढून टाकलेले सहा चाकी ओढीचे ट्रक शेतावर आणण्याची जुनी पद्धत आहे. तिथं ‘सिक्स बाय सिक्स’ म्हणतात, कारण सहाही चाकांना इंजिनाची ओढ मिळते. किंमत परवडते, इंजिन दणकट असतं आणि ओल्या रानात जिथं साधा ट्रक बसकण मारतो तिथून ही गाडी बाहेर येते. पण सैन्यानं ती दारूगोळा आणि माणसं नेण्यासाठी बनवली, रास नेण्यासाठी नाही. हा फरक लक्षात ठेवून काम केलं तर ती वीस वर्षं साथ देते.

गाडी कोणती घ्यायची

बाजारात प्रामुख्याने दोन घराणी दिसतात. पहिलं जुनं, एम३५. १९५० पासूनचा ‘अडीच टनी’, तिथल्या बोलीत ‘ड्यूस अँड अ हाफ’. त्यातला ए२ प्रकार सगळ्यात जास्त मिळतो: सहा सिलिंडरचं ७.८ लिटरचं बहुइंधनी इंजिन, पाच गिअर हाताचे, हौदा बारा फुटी. ओबडधोबड पण सरळ गाडी, घरच्या घरी उघडता येते. तिचं दुखणं ब्रेकमध्ये आहे, त्याबद्दल पुढे.

दुसरं घराणं एम९३९, सुरुवातीला सांगितलेला ‘पाच टनी’ तो हाच. त्यातला साधा मालवाहू म्हणजे एम९२३. पहिल्या प्रकारांत कमिन्सचं १४ लिटरचं, तर ए२ मध्ये ८.३ लिटरचं २४० अश्वशक्तीचं इंजिन. अ‍ॅलिसनचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पूर्ण हवेचे ब्रेक, चौदा फुटी हौदा. ए१ आणि ए२ ला मागे जोडचाकांऐवजी एकेकच रुंद टायर असतो. धान्यासाठी मला विचाराल तर हीच. सुगीत गाडी चालवायला कधी मुलगा, कधी सुट्टीवर आलेला मेहुणा बसतो, त्यांना क्लच नसलेली गाडी द्यावी.

याच घराण्यातल्या दोन भावंडांकडे जरूर बघा. एम९२७ आणि एम९२८ यांचं चेसिस लांब, वीस फुटी हौद्याचं. तेवढंच वजन जास्त लांबीवर पसरतं, धान्याची उंची कमी राहते, गाडी कमी डोलते. एम९२९ हा मूळचाच डंपर. त्याचा हौदा खडी-मातीसाठी छोटा आणि जाड पत्र्याचा आहे, चेसिसही आखूड आहे, पण हौदा उचलण्याची सगळी यंत्रणा तयार मिळते. तो हौदा काढून हलका धान्याचा बसवणं हे सगळ्यात कमी कटकटीचं काम.

यानंतर आलेल्या चपट्या नाकाच्या एम१०७८ गाड्याही आता लिलावात येतात. छान आहेत, पण त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे. ज्याला वायरिंगची आवड नाही त्याने लांबून नमस्कार करावा.

कागद आधी, पैसे नंतर

लष्कराचा निरुपयोगी माल विकण्याचं काम डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस या खात्याकडे आहे, त्याचं मुख्यालय मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला. गाड्यांचा लिलाव ऑनलाइन होतो. मालकी नोंदवायला लागणारा कागद म्हणजे स्टँडर्ड फॉर्म ९७. तो मिळतो का आणि त्यावर ‘फक्त रस्त्याबाहेर वापरासाठी’ असा शेरा आहे का, हे बोली लावण्यापूर्वी बघा. नोंदणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. तसा शेरा असलेली गाडी बांधावरून घरच्या कणगीपर्यंतच उपयोगाची ठरू शकते. धान्य गावच्या एलिव्हेटरला, म्हणजे व्यापारी कोठारावर न्यायचं असेल तर ती डोकेदुखी आहे.

लायसन्सच्या बाबतीत शेतकऱ्याला सवलत आहे. २६,००१ पौंड किंवा त्याहून अधिक कमाल मंजूर वजनाच्या (गाडी आणि माल मिळून) गाडीला व्यावसायिक लायसन्स लागतं. पण शेतकऱ्यानं स्वतःचा माल शेतापासून १५० मैलांच्या आत नेला आणि भाडं घेतलं नाही, तर राज्य त्याला सूट देऊ शकतं. शेजाऱ्याचा माल पैसे घेऊन ओढलात की ही सूट गेली.

महाराष्ट्रात कुणाच्या मनात असाच विचार आला असेल तर आपल्याकडचे दोन नियम सांगून ठेवतो. लष्करी लिलावातल्या गाडीच्या नोंदणीला संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानं दिलेलं फॉर्म २१ मधलं विक्री प्रमाणपत्र लागतं. आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. म्हणजे आपल्याकडे रंग बदलणं ही हौस नाही, सक्ती आहे. अमेरिकेत तसं बंधन नसल्यानं अनेक जण तो हिरवा रंग मिरवतात.

बघायला जाताना

लिलावातली गाडी ‘आहे तशी’ असते. शक्य असेल तर स्वतः जा आणि रंगाकडे बघू नका, खाली शिरा. मागच्या दोन्ही आसांच्या मध्ये चेसिसच्या पट्टीवर गंजाचे फुगवटे आहेत का, कुठं वेल्डिंगचा जोड दिसतो का, पाट्यांची पानं तुटली आहेत का. गिअरबॉक्सचं तेल काठीवर घेऊन वास घ्या, करपलेलं असेल तर परत फिरा.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३०७’ म्हणजे २००७ चा तेविसावा आठवडा. लष्करी गाड्या फिरतात कमी, उभ्या राहतात जास्त. नक्षी नव्यासारखी आणि रबर म्हातारं, असे टायर सर्रास मिळतात. एम९२३ ए२ चे १४.०० आर २० टायर स्वस्त नाहीत आणि गाडीला सहा लागतात. सहाही बदलावे लागले तर गाडीचा सौदा किती स्वस्त पडला याचा हिशेब तिथंच फिरतो.

या गाड्यांच्या रिम अनेकदा एकाहून जास्त तुकड्यांच्या असतात. हवा भरलेली असताना त्यांची कडी किंवा बोल्ट सैल केले तर तो तुकडा तोफगोळ्यासारखा सुटतो, माणसं मेली आहेत. व्हॉल्व्हमधली पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, नंतरच हात लावा. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. पिंजरा नसलेल्या पंक्चरवाल्याकडे हे काम देऊ नका.

ब्रेक, आणि मगच बाकी सगळं

हौदा बांधायची घाई सगळ्यांना असते, कारण तो डोळ्यांना दिसतो. ब्रेक कुणाला दिसत नाहीत.

एम३५ ए२ मध्ये पायाखाली तेलाचे ब्रेक आहेत आणि हवा त्यांना जोर देते. पण तेलाचा मार्ग एकच. सहापैकी एका चाकाची नळी फुटली तरी सगळे ब्रेक जातात. म्हणून ही गाडी घेतली तर पहिल्या महिन्यात सगळ्या रबरी नळ्या, चाकांतले सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदला. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणारेही आहेत, हा खर्च वाया जात नाही. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ड्रमवर हवेचा फवारा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

एम९२३ चे हवेचे ब्रेक बरे. मागे स्प्रिंग ब्रेक आहेत, हवा गेली की ते आपोआप लागतात. तपासणीची पद्धत ट्रकवाल्यांची नेहमीचीच: टाक्या पूर्ण भरा, इंजिन बंद करा, चाकांना उटी लावून ब्रेक सोडा. एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरायला नको. पेडल दाबून धरल्यावर ३ पर्यंत चालेल. नंतर पेडल दाबत दाबत हवा उतरवा, ६० पीएसआयच्या आसपास धोक्याची सूचना मिळायलाच हवी. रोज संध्याकाळी टाक्यांतलं पाणी काढा. नेब्रास्कात मक्याची सुगी नोव्हेंबरपर्यंत चालते, तेव्हा ते पाणी नळ्यांत गोठतं.

या घराण्याचा आणखी एक इतिहास आहे. जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरायची, उलटायची. १९९० च्या दशकात अशा अपघातांनंतर लष्करानं ताशी ४० मैलांची मर्यादा घातली आणि गाड्यांना एबीएस बसवायला घेतलं. तुमच्या गाडीला ते बसलंय का बघा. बसलेलं असो वा नसो, धान्य भरून ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या वर जाऊ नका.

वजनाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत धान्य बुशेलनं मोजतात. बुशेल हे खरं तर माप आहे, १.२४४ घनफूट, पण प्रत्येक धान्याचं वजन ठरलेलं आहे: गहू आणि सोयाबीन ६० पौंड म्हणजे २७.२ किलो, मका ५६ पौंड म्हणजे २५.४ किलो, ओट ३२ पौंड म्हणजे साडेचौदा किलो.

४५ क्विंटल गहू म्हणजे साधारण १६६ बुशेल, २०७ घनफूट. हौद्याचा तळ चौदा गुणिले सात, ९८ चौरस फूट. भागाकार केला की उंची २.१ फूट. मका सव्वादोन फूट. ओट मात्र चार फुटांपर्यंत जातं. म्हणजे चार फुटी भिंत शोभते ती फक्त ओटाला. तीच भिंत गव्हानं काठोकाठ भरली तर साधारण ८६ क्विंटल होतात, जवळपास दुप्पट.

यातूनही वजावट आहे. ४५ क्विंटल ही क्षमता मूळ हौदा धरून दिलेली आहे. नवा हौदा, त्याखालची चौकट, जॅक आणि तेलाची टाकी मिळून जुन्यापेक्षा सहाशे किलो जास्त भरली तर धान्याला ३९ क्विंटलच उरतात. म्हणून जुना हौदा काढण्यापूर्वी रिकाम्या गाडीचा काटा करा, पुढचा आस वेगळा, मागची जोडी वेगळी. काम झाल्यावर पुन्हा करा. वजनाच्या या दोन्ही चिठ्ठ्या गाडीतच ठेवा.

हे वाचून कुणी म्हणेल, हार्वेस्टरची टाकीच तीनशे बुशेलची, मग दीडशेच्या ट्रकचं करायचं काय? बरोबर आहे. मोठ्या शेताला हा ट्रक पुरणार नाही, तिथं हजार बुशेलची ग्रेन कार्ट, म्हणजे ट्रॅक्टरमागची धान्याची मोठी गाडी लागते. पण तीच कार्ट मक्यानं भरली की तिच्यात पंचवीस टन असतात, आणि एकाच आसावर असेल तर ओल्या जमिनीत ते ओझं नांगराच्या खालपर्यंत माती दाबतं. एम९२३ ए२ रिकामा साडेनऊ टनांच्या आसपास, भरून चौदा, आणि तो भार तीन आसांवर वाटलेला. एका आसावर पाच टनसुद्धा नाहीत. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर ट्रॉली काढायला दोन ट्रॅक्टर लावलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको. या गाडीचा सगळा गुण हलक्या, वाटलेल्या ओझ्यात आहे, आणि उंच फळ्या तोच गुण मारून टाकतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भिंत अडीच फुटांची करा, त्याहून उंच नको. रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटतेच.

रंग आणि घाण

कापायला, घासायला सुरुवात करण्याआधी थांबा. १९८० च्या दशकापासून लष्करी गाड्यांवर जो मंद हिरवा किंवा वाळूच्या रंगाचा थर असतो, तो रासायनिक हल्ला सोसणारा खास रंग आहे. त्यावर वेल्डिंग केलं किंवा ग्राइंडर फिरवला तर आयसोसायनेटसारखे विषारी वायू आणि धूळ उठते, जुन्या थरांत शिसं आणि क्रोमियमही सापडतं. जिथं जोड द्यायचा तिथला रंग आधी रसायनानं उतरवा, हवा खेळती ठेवा, योग्य गाळणीचा मास्क लावा. रुमाल बांधून भागत नाही.

मूळचा हौदा धान्याला वापरू नका. त्यात कधी डिझेल सांडलं, कधी काय भरलं, कुणाला माहीत. शिवाय फटी इतक्या की गहू रस्ताभर सांडत जातो.

हौदा बसवणं

मूळ हौदा पुढच्या बाजूला स्प्रिंगच्या बोल्टांवर आणि मागे घट्ट बसवलेला असतो. त्याला कारण आहे. खड्ड्यात एक चाक वर, एक खाली असताना चेसिस पिळवटतं आणि पिळवटायलाच हवं. हौदा चारही बाजूंनी जखडलात तर पिळवटण्याचा जोर कुठंतरी एका जागी साठतो आणि तिथं तडा जातो.

चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. कंस बसवायचे ते उभ्या बाजूला, आधीच्या भोकांत, कडक प्रतीच्या बोल्टांनी. चेसिसवर दोन्ही बाजूंना कठीण लाकडाची पट्टी, तिच्यावर चॅनलची लांब चौकट आणि त्या चौकटीवर हौदा. पुढचे दोन जोड स्प्रिंगचे ठेवा.

हौदा पुढे-मागे कुठं बसवायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. भाराचा मध्य मागच्या दोन आसांच्या मध्यबिंदूच्या थोडा पुढे हवा. पुढच्या आसापासून त्या मध्यबिंदूपर्यंत एम९२३ चं अंतर जवळपास पंधरा फूट आहे. भाराचा मध्य दीड फूट पुढे ठेवला तर ओझ्याचा दहावा भाग पुढच्या आसावर जातो, ४५ क्विंटलमधले साडेचार. तो मागे सरकला तर पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग पोकळ लागतं.

भिंती खाली किंचित आत कललेल्या असतील तर धान्य अडत नाही. कोपरे काटकोनी ठेवू नका, आतून तिरकी पट्टी मारा. मागचा फाळका वरून बिजागरीचा, आणि त्याच्या मधोमध सरकतं छोटं दार, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या मळसूत्री नळाच्या तोंडात धान्य हवं तेवढंच सोडता येतं. जोडांना आतून सीलंट भरा. तपासायचं कसं? रात्री हौद्यात दिवा ठेवा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड येतो तिथून सोयाबीन येणार. वरून गुंडाळता येणारी ताडपत्री हवीच, रस्त्यावर वारा धान्य उडवतो.

उचलणी

कोरडं धान्य पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या उतारावर घसरू लागतं, पण ओलसर मका कोपऱ्यात चिकटून बसतो. म्हणून हौदा ४५ अंशांपर्यंत उचलला गेला पाहिजे. बिजागरी मागच्या आसांच्या जितकी जवळ तितकी गाडी स्थिर.

हौदा उचलणाऱ्या कात्रीसारख्या यंत्रणेला सगळ्यात जास्त जोर सुरुवातीला लागतो, कारण हौदा आडवा असताना जॅकचा ढकलण्याचा कोन अगदी कमी असतो. सहा इंची जॅक १४० बारच्या दाबाला सुमारे पंचवीस टन जोर देतो. आकडा मोठा वाटतो, पण पहिल्या हातभर उचलीत त्यातला थोडाच वर जातो. म्हणून जॅक निवडताना वजनावर नाही, सुरुवातीच्या कोनावर विकणाऱ्याला प्रश्न विचारा. पंप गिअरबॉक्सच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ओढ बाहेर देणाऱ्या जोडावर चालवा.

हौद्याखाली काम करताना लोखंडी टेकू लावायचाच. जॅकच्या भरवशावर आत डोकं घालायचं नाही. चालकासमोर लाल दिवा बसवा, हौदा वर असेपर्यंत तो पेटलेला राहील. कणग्यांच्या आसपास विजेच्या तारा असतात आणि हौदा वर ठेवून गाडी पुढे घेणारा माणूस वर बघत नाही.

वीज

या गाड्या २४ व्होल्टच्या. बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा व्होल्टचा रेडिओ किंवा दिवा जोडण्याचा मोह टाळा, ती बॅटरी लवकर मरते आणि दुसरीलाही नेते. बारा व्होल्ट हवेच असतील तर कन्व्हर्टर लावा. मागचे दिवे २४ व्होल्टचे एलईडी घ्या. दिव्यांचा लष्करी खटका तीन कळांचा आहे, युद्धकाळातल्या झाकलेल्या दिव्यांसाठी. नव्या चालकाला तो आधी दिवसा शिकवा.

शेतात

एम९२३ ए२ ला चाकांत हवा कमी-जास्त करण्याची यंत्रणा असते: रस्ता, कच्चा रस्ता, चिखल-वाळू आणि आणीबाणी. ती चालू असेल तर नशीब, अनेकांनी काढून टाकलेली असते. चालू असेल तर शेतात हवा कमी करा, पण रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरा. कमी हवेत वेगानं पळवलेला टायर आतून तापतो आणि न सांगता फुटतो. पुढची ओढ फक्त मऊ जमिनीत लावा, डांबरावर ती लागलेली राहिली तर गिअर एकमेकांना ओढत बसतात.

पहिल्या दिवशी अर्धाच हौदा भरा. बांधावरून, खड्ड्यातून न्या, उतारावर ब्रेक दाबून बघा, काट्यावर घ्या, उचलून रिकामा करा. मग पाना घेऊन गाडीखाली जा. लाकडाची पट्टी दबलेली असेल आणि निम्मे नट अर्धा वळसा तरी फिरतील. पुन्हा पाच फेऱ्यांनी, पुन्हा आठवड्यानं. लाकूड पूर्ण बसेपर्यंत हे चालूच राहतं. आणि हौद्याच्या आतल्या बाजूला दोन फुटांवर रंगानं ठळक रेघ ओढून ठेवा, हार्वेस्टरवाल्याला वरून दिसेल अशी.